एक चाक वर, तीन चाके खाली

दसऱ्याला गाडीची पूजा होते. बॉनेटवर झेंडूची माळ चढते, चारी चाकांना हळदकुंकवाची बोटे लागतात, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडले जाते, आणि मंडळी पेढा तोंडात टाकून मोकळी होतात. या सगळ्या सोहळ्यात गाडीच्या पाठीवर टांगलेल्या पाचव्या चाकाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. लग्नघरात कोठीच्या खोलीत राबणारी दूरची आत्या असते ना, तशी ही बिचारी स्टेपनी. फोटोत ती कुठेच नसते, पण अडल्या वेळी सगळे तिलाच शोधत येतात.

दसरा संपतो न संपतो तोच दिवाळीची सुटी लागते आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या सोसायट्यांच्या फाटकांतून गाड्या बाहेर पडू लागतात. कोणी कोकणात गावी, कोणी नाशिककडे, कोणी डहाणूला. यांत अलीकडे चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या उंच, दणकट गाड्या पुष्कळ दिसतात. आमच्याच इमारतीत तीन आहेत. त्यांच्या मालकांना गाडीत गाणी किती कर्ण्यांतून ऐकू येतात हे तोंडपाठ आहे. स्टेपनीत हवा शेवटची कधी भरली, असे विचारले की तिघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. तेव्हा यंदाच्या दिवाळी अंकात चाक बदलण्यावर लिहायचे मी ठरवले. मराठीच्या प्राध्यापकाने नटबोल्टांत कशाला लुडबुड करावी, असे कोणी म्हणेल. म्हणू दे. आरे कॉलनीच्या उतारावर मी जे पाहिले, ते पाहिल्यापासून गप्प बसवत नाही.

आता विषय निघालाच आहे तर आधी शब्दाची हौस भागवून घेतो. ‘स्टेपनी’ हा शब्द आपल्याकडे ड्रायव्हरपासून डॉक्टरपर्यंत सगळे वापरतात. पण इंग्लंडात आज तो सहसा कोणाला कळत नाही. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांच्याबरोबर जादा चाक येतच नसे. पंक्चर झाले की रस्त्यात बसून टायर काढायचा, ठिगळ लावायचे, आणि हातपंपाने हवा भरत घाम गाळायचा. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी त्यावर तोड काढली. आरे नसलेले, नुसत्या धावेसारखे एक गोल कडे, त्यावर हवा भरलेला टायर. बसलेल्या चाकालाच ते बाहेरून चापांनी आवळायचे आणि घर गाठायचे. त्यांचे दुकान ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. ते कडे गेले, पण त्या रस्त्याचे नाव हिंदुस्थानात येऊन असे काही रुजले की आमच्या व्याकरणाने त्याला स्त्रीलिंगही देऊन टाकले.

जीपचेही तसेच. ती अमेरिकेत जन्मली खरी, पण आमच्या उपनगराची ती माहेरवाशीण म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धासाठी विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपले आणि १९४५ मध्ये जगदीशचंद्र व कैलाशचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. स्वातंत्र्यानंतर दोनतीन वर्षांच्या आतच माझगावला विलिस जीप जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढे कांदिवलीच्या आकुर्ली रोडवरल्या कारखान्यातून त्या बाहेर पडू लागल्या. तालुक्याच्या गावी ‘जीप आली’ म्हटले की साहेब आला असे समजण्याचे जे दिवस होते, त्या दिवसांतल्या पुष्कळ जीपगाड्यांचा जन्म बोरिवलीच्या अलीकडल्या स्टेशनचा. मामलेदार, गटविकास अधिकारी, निवडणुकीचे उमेदवार, सगळ्यांना तिने धुळीत न्हाऊ घातले.

अशीच एक म्हातारी जीप आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांनी घेतली. माणूस हौशी. ती रंगवली, तिची गादी शिवून घेतली, आणि एका रविवारी आम्हां चौघांना घेऊन गोरेगावहून आरेच्या रस्त्याने निघाले. एका उतारावर मागच्या डाव्या चाकाची हवा गेली. प्राध्यापकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, हँडब्रेक खसकन ओढला, आणि शर्टाच्या बाह्या सारून जॅक लावला. आम्ही बाकीचे झाडाखाली उभे राहून सल्ले देत होतो. चाक जमिनीवरून चार बोटे उचलले गेले असेल नसेल, आणि गाडी हलली.

मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तशी ती जीप हातभर पुढे सरकली. जॅक कलंडला. मागची बाजू खाली आपटली आणि बसलेले चाक पुन्हा जमिनीवर आले. प्राध्यापकांचा भाचा स्टेपनी गडगडत आणत होता, तो अजून तीन पावले दूर होता. नट अजून काढायचे होते म्हणून चाक जागेवर होते. पाच मिनिटांनी हेच झाले असते तर गाडी चाकावर नव्हे, नुसत्या ड्रमवर बसली असती. आणि चाक बसवणारा माणूस त्या वेळी मांडी घालून, हात आत घालून बसलेला असतो.

“हँडब्रेक ओढला होता मी!” प्राध्यापक पुन्हा पुन्हा सांगत होते. आणि ते खरे होते. दांडा ओढलेलाच होता. आम्ही सगळ्यांनी पाहिला.

बोरिवलीला एक वयस्क मिस्त्री आहेत. जन्म जीपच्या खाली गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. सगळी हकिगत ऐकून ते हसले नाहीत, ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली.

“सर, ब्रेक बरोबर लागला होता,” ते म्हणाले. “पण तो चाकाला लागत नाही. या जुन्या जीपला हँडब्रेक चाकावर नसतोच. चला, दाखवतो.”

त्यांच्याकडे एक तशीच जीप दुरुस्तीला आली होती. तिची पुढची चाके दगड लावून पक्की केलेली आणि मागची दोन्ही चाके घोड्यांवर उचललेली होती. मिस्त्रींनी हँडब्रेक ओढला आणि मला म्हणाले, “आता हे चाक फिरवा.” मी डाव्या चाकाला हात घालून जोर केला. चाक सहज फिरले! आणि पलीकडे पाहतो तो उजवे चाक आपोआप उलट्या दिशेने फिरत होते. मी पुढे फिरवावे, त्याने मागे फिरावे. ब्रेक मात्र गच्च ओढलेला.

यामागचे इंगित समजायला आपल्या बैलगाडीकडे जाऊ. बैलगाडीचा आस जागेवर स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्यावर आपापली फिरतात. गाडी वळली की बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. कोणाचे कोणावर ओझे नाही, कारण ओढणारे बैल पुढे आहेत. मोटारीचे तसे नाही. तिथे चाकांनाच ओढायचे असते, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना पोचवली पाहिजे आणि वळणावर त्यांना कमीजास्त फिरूही दिले पाहिजे. त्यासाठी आसाच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो त्यात दात्यांची एक जोडणी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाकडून येणारा शाफ्ट जितका फिरेल तितके फिरणे ती दोन चाकांत मिळून वाटते. कोणी किती घ्यायचे हे त्यांचे त्यांनी ठरवायचे. दोन भावांना मिळून एकच पगार द्यावा, वाटणी त्यांच्यावर सोपवावी, तसे.

आता जुन्या जीपचा हँडब्रेक कुठे असतो? गिअरबॉक्सच्या मागे जी दुसरी पेटी असते, जिला ट्रान्सफर केस म्हणतात, तिच्या मागल्या तोंडावर. तिथे एक छोटा ड्रम आहे. ब्रेक ओढला की तो ड्रम पकडतो, म्हणजे मागे जाणारा शाफ्ट पकडला जातो. चाके नव्हेत. दोन्ही चाके जमिनीवर असताना याने काही बिघडत नाही. गाडी हलायची तर दोन्ही चाकांना एकाच दिशेने फिरावे लागेल, आणि शाफ्ट अडवलेला असल्याने ते अशक्य आहे. गाडी उतारावरही खांबासारखी उभी राहते. पण एक मागचे चाक उचला. आता ते हवेत आहे, त्याला उलटे फिरायला कोणाची मनाई नाही. मग जमिनीवरचे चाक खुशाल पुढे फिरते, हवेतले तितकेच मागे फिरते, दोघांची बेरीज शून्य, शाफ्ट जागचा हलत नाही आणि ब्रेक आपले कर्तव्य चोख बजावत असताना गाडी उतारावरून चालू लागते. इंजिन बंद करून गिअरमध्ये टाकलेली गाडीही याच हिशोबाने सुटते. कारण गिअरसुद्धा शाफ्टच पकडतो. लँड रोव्हरच्या जुन्या गाड्यांतही हँडब्रेक असाच शाफ्टवर असे.

“मग करायचे काय?” प्राध्यापकांनी विचारले.

“आधी दगड,” मिस्त्री म्हणाले. “दगड लावल्याशिवाय जॅकला हात नाही लावायचा. आणि दुसरे म्हणजे, सर, तुमच्या गाडीला चार चाकांचा दांडा आहे ना? तो कशाला ठेवलाय? फक्त चिखलासाठी?”

हे दुसरे उत्तर मला फार आवडले. चारही चाकांची ओढ लावणारा तो छोटा दांडा टाकला की ट्रान्सफर केसमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. मागच्या शाफ्टला ब्रेक लागलेला असला की पुढचाही अडतो. पुढची दोन्ही चाके तर जमिनीवर आहेत. गाडी सरकायची तर त्या दोघांना एकाच दिशेने फिरले पाहिजे, आणि ते आता शक्य नाही. म्हणजे मागचे चाक उचलताना गाडीला पुढची चाके धरून ठेवतात. मात्र एक मेख आहे. पुष्कळ जीपगाड्यांच्या पुढच्या तुंब्यांवर हाताने फिरवायच्या चकत्या बसवलेल्या असतात. त्या मोकळ्या ठेवल्या की पुढची चाके शाफ्टपासून सुटी होतात. पेट्रोल वाचावे म्हणून लोक त्या मोकळ्या ठेवतात आणि विसरतात. अशा वेळी आतला दांडा टाकूनही उपयोग शून्य. खाली उतरून दोन्ही बाजूंच्या चकत्या फिरवून बांधायला हव्यात.

नव्या गाड्यांचे मालक इथे मिशीत हसत असतील, कारण आजच्या बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवरच असतो. पण एक मागचे चाक काढलेत की उरलेल्या एकाच चाकावर तो ब्रेक धरून आहे, हे ध्यानात घ्या. शिवाय आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत ‘पी’ अक्षरावर दांडा नेला की गाडी कुलूपबंद झाली, असा समज घरोघर आहे. ते ‘पी’ गिअरबॉक्सच्या आत एक खुंटी अडकवते, म्हणजे पुन्हा शाफ्टच अडवते. ओढीचे एक चाक हवेत गेले की आरेच्या उतारावरचाच प्रकार. आणि ज्या गाडीत ट्रान्सफर केसला वेगळा दांडा किंवा बटण आहे, तिथे ते चुकून ‘एन’वर राहिले तर ‘पी’ही धरत नाही आणि गिअरही धरत नाही, कारण चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटलेला असतो. ज्या गाडीत चारही चाकांना कायमची ओढ आहे तिच्यात पुढच्या-मागच्या शाफ्टांच्या मध्येही एक डिफरन्शियल असते. ते बांधायची सोय असेल तर जॅक लावण्यापूर्वी बांधून घ्यावे.

तेव्हा दगड. चाक बदलण्याच्या विद्येत याच्याइतके स्वस्त आणि मोलाचे हत्यार नाही. जे चाक उचलायचे त्याच्या कर्णात समोर येणाऱ्या चाकाला पुढून आणि मागून, असे दोन दगड. मागचे डावे उचलायचे असेल तर पुढच्या उजव्याला. उतार असेल तर उताराच्या बाजूने जमिनीवरच्या बाकीच्या चाकांनाही लावावेत. नारळाएवढा गोल गोटा कामाचा नाही, तो चाकाबरोबर गडगडतो. बूड सपाट असलेला, तोंड चाकाखाली घट्ट शिरणारा धोंडा हवा. उपनगरात आता तसा दगड शोधून मिळत नाही. फुटपाथच्या फरशा उचकटणे शिष्टसंमत नव्हे. सुताराकडून पाचरीच्या आकाराचे लाकडाचे दोन ठोकळे करून घ्यावेत आणि सीटखाली टाकून ठेवावेत. आमच्या प्राध्यापकांनी दोनऐवजी चार केले आणि त्यांवर रंगाने ‘पुढे’ आणि ‘मागे’ असे लिहिले. हे भूगोलवाल्यांचेच काम.

आता गाडी थांबवायची कुठे, हे खरे म्हणजे आधी सांगायला हवे होते. पश्चिम द्रुतगती महामार्गावर वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि पूर्व द्रुतगती महामार्गावर शीवपासून ठाण्यापर्यंत रोज जो ओघ वाहतो त्यात उजव्या बाजूचे चाक बदलायला बसणे म्हणजे रुळांवर पत्ते खेळणे. उड्डाणपुलावर तर कडेला सरकायला जागाच नसते. पुलावर हवा गेली तर मागचे दिवे लुकलुकते ठेवून, माणसाच्या चालीने, बसलेल्या टायरवरच पूल उतरून यावे आणि आतल्या रस्त्याला लागावे. टायर वाया जाईल, कदाचित रिमही. जाऊ द्यावी. उपनगरात दोन फर्लांगांवर कुठेतरी खांबाला जुना टायर टांगलेला दिसतोच, आणि त्याखाली पाण्याची घमेली घेऊन पंक्चरवाला बसलेला असतो. शहराबाहेर, मोकळ्या रस्त्यावर, लाल त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास पावलांवर ठेवावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. मुलांना गाडीत बसवून ठेवू नये आणि गाडीच्या मागेही उभे करू नये. रस्ता सोडून कठड्यापलीकडे न्यावे. “आजी, तुम्ही बसा, तुमचे वजन ते काय” असली भीड इथे उपयोगाची नाही. आजींनाही हात देऊन उतरवावे.

बाकीचे काम मग सोपे आहे. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा ढिला करून घ्यावा. हवेत गेल्यावर घट्ट नटावर पाय देऊन जोर करणे म्हणजे जॅकवरच्या गाडीला धक्के देणे. आणि जुन्या जीपमध्ये या नटांची एक गंमत आहे, ती न कळल्यामुळे भल्याभल्यांनी बोल्ट तोडले आहेत. त्या विलिस घराण्याच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असत. उजवीकडचे नट नेहमीसारखे डावीकडे फिरवून सुटतात, डावीकडचे उजवीकडे फिरवून. डाव्या बाजूचे चाक पुढे धावताना ज्या दिशेने फिरते त्या दिशेने साधा नट हळूहळू सैल होईल, अशी तेव्हाच्या कारागिरांना धास्ती होती. पुढे निमुळत्या तोंडाचे नट रिमच्या वाटीत पक्के बसतात असा भरवसा आला आणि उलटे आटे मागे पडले. तरी जुनी गाडी असेल तर डावीकडच्या नटावर नळी लावून लोंबकळण्यापूर्वी बोल्टाच्या टोकावर ‘एल’ अक्षर आहे का ते पाहावे. नट सुटत नाही तेव्हा दरवेळी तो गंजलेलाच असतो असे नाही. कधी आपणच तो आवळत असतो.

जॅक ठेवायची जागा गाडीगाडीप्रमाणे वेगळी, ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. जुन्या जीपसारखा अखंड आस असेल तर आसाखाली, पाट्यांच्या स्प्रिंगजवळ ठेवणे सोयीचे. तिथे थोडे उचलले तरी चाक सुटते. मधल्या फुगवट्याखाली ठेवू नये, गाडी तराजूसारखी झुलते. चॅसीखाली ठेवला तर आधी स्प्रिंगा ताणल्या जातात, गाडी उंचच उंच होत जाते आणि चाक मात्र खालीच. जॅकखाली हातभर लांबरुंद जाड फळी हवीच. पावसाळा संपल्यावर कोकणातल्या रस्त्याची कड मऊ असते, आणि आमच्या उपनगरात पेव्हर ब्लॉक नावाचा जो पदार्थ रस्त्यावर अंथरला आहे तो एका कोपऱ्यात दाबला की दुसऱ्या कोपऱ्यातून उठतो. हौशी लोक हल्ली एक कमरेएवढा उंच, दात्यांचा जॅक गाडीला लटकवून हिंडतात. तो जितका जोरकस तितकाच तापट. त्याचा दांडा सुटला तर जबड्यावर बसतो; दांड्याच्या रेषेत तोंड न आणता तो दोन्ही हातांनी धरावा, आणि सवय नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

गाडी उचलली की स्टेपनी लगेच बसवायला न घेता प्रथम चॅसीखाली, जॅकच्या शेजारी आडवी सरकवून ठेवावी. जॅक दगा देऊन गाडी कोसळलीच तर ती रबरावर कोसळेल, माणसावर नाही. जुने चाक निघाले की त्याची जागा स्टेपनीच्या जागी. मग स्टेपनी उचलायची. युद्धातली ती जीप सुमारे ११०० किलोंची होती. आजच्या गाड्या तिच्या दीडपट आणि त्याहूनही जड आहेत. म्हणून सगळे शरीर गाडीच्या बाहेर, नेहमी. देवासुरांच्या युद्धात दशरथाच्या रथाचा आस मोडला तेव्हा कैकेयीने तिथे आपला हात घातला, असे कीर्तनकार रंगवून सांगतात. तिला त्याबद्दल दोन वर मिळाले आणि पुढे रामायण घडले. आजच्या गाडीखाली हात घालून कोणी वर देणारा नाही. कर्णाची गोष्टही तीच. चाक रुतले, तो भर रणात, शत्रूकडे पाठ करून ते काढायला उतरला आणि वर अर्जुनाला धर्माची आठवण करून देऊ लागला. महामार्गावरच्या ट्रकवाल्यापाशी अर्जुनाहून जास्त धर्म असेल, अशी अपेक्षा धरू नये.

चार चाकांच्या ओढीच्या गाडीत आणखी एक चमत्कार घडतो. दांडा टाकलेला ठेवून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी चालवली की वळणावळणाला पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि शाफ्ट एकमेकांना पीळ देत राहतात. तो पीळ घड्याळाच्या कमानीसारखा साठतो. मग चाक जमिनीवरून सुटताक्षणी स्वतःहून झटका देऊन फिरते. तेव्हा ज्या घटकेला चाक जमीन सोडते त्या घटकेला हात, पाना, साडीचा पदर, काहीही जवळ असू नये. स्टेपनीचे मापही इतर चारांशी जुळले पाहिजे, झीजसुद्धा. लहान किंवा नवीकोरी स्टेपनी झिजलेल्या तिघांच्या पंगतीला बसवलीत तर दांडा मोकळा ठेवूनच गाडी चालवावी, नाहीतर तोच पीळ रात्रंदिवस चालू राहतो.

नट बसवताना निमुळते तोंड आत. प्रथम हाताने सगळे टेकवायचे. आट्यांना तेल लावायचे नाही. मग एक सोडून एक, चांदणी काढल्यासारखे आवळायचे. दिवाळीत दारात रांगोळी काढणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही, पाच ठिपक्यांची चांदणी तिच्या बोटांत असते. शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यानंतर. ठोकळे सर्वांत शेवटी काढायचे, आणि काढून गाडीतच टाकायचे. हमरस्त्यावर तसेच सोडलेले दगड रात्री मोटारसायकलवाल्यांच्या जिवावर उठतात.

पन्नाससाठ किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा, कारण रंगाचा थर आणि माती दबली की नट किंचित सैलावतात. बोरिवलीहून अहमदाबादच्या रस्त्याला लागलात तर मनोरच्या आसपास, मुलुंडहून नाशिककडे निघालात तर शहापूरच्या सुमाराला. चहाला तिथे थांबणे होतेच. चहा येईपर्यंत पाचही नट पाहून होतात. आणि बसलेल्या चाकाचे पंक्चर तिथेच काढून घ्यावे. आता गाडीच्या पाठीवर टांगलेले चाक तेच आहे.